टोकियोहून कामाकुरा: दोन दिवसांच्या दोन फेऱ्या

कामाकुराला एका दिवसासाठी येणारे बहुतेक लोक सकाळी दहाला कामाकुरा स्टेशनावर उतरतात, समोरच्या कोमाची-दोरी या बाजाररस्त्याच्या गर्दीत तासभर घालवतात, मग मोठा बुद्ध बघायला निघतात. तो बघून होईपर्यंत तीन वाजतात, आणि उरलेल्या देवळांत जावं तर दारं बंद व्हायची वेळ झालेली असते. इथे अंतरं छोटी आहेत. दिवस बिघडतो तो घड्याळामुळे. बरीचशी देवळं साडेचारला बंद होतात, काही चारलाच, आणि हिवाळ्यात आणखी लवकर. त्यामुळे कुठे उतरायचं आणि कुठून कुठे सरकायचं हे आधी ठरवलं, तर त्याच गावात दुप्पट बघून होतं.

गावाचा आकार सुपासारखा आहे. तीन बाजूंना डोंगर, चौथी बाजू सागामी उपसागराकडे उघडी. मिनामोतो नो योरितोमो या लढवय्या सरदाराने ११८० मध्ये इथे बस्तान बसवलं ते या रचनेमुळेच, आणि १३३३ पर्यंत जपानची लष्करी सत्ता इथूनच चालली. बाहेरून आत यायला डोंगरात खोदलेल्या मोजक्या खिंडी होत्या. आजचे रस्तेही बरेचसे त्याच खिंडींच्या आसपास आहेत, अरुंद आणि एकपदरी वळणांचे. म्हणूनच शनिवार-रविवारी दुपारी बस अडकून पडते आणि पायी चालणारा पुढे निघून जातो. टॅक्सीचंही तेच.

दोन दिवस मिळत असतील तर एक दिवस उत्तरेकडून पायी, दुसरा दिवस पश्चिमेकडून एनोदेन या छोट्या रेल्वेने, अशी वाटणी करावी. मुक्काम टोकियोतच ठेवावा. मोठ्या बॅगा तर अजिबात बरोबर घेऊ नयेत. कामाकुरा स्टेशनावरचे लॉकर सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरतात, आणि देवळांच्या दगडी पायऱ्यांवर चाकांची बॅग म्हणजे निव्वळ शिक्षा. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार निवडा. देवळांना आठवड्याची सुट्टी नसते. एप्रिल-मेमधला गोल्डन वीक, म्हणजे सलग सुट्ट्यांचा आठवडा, आणि जूनमधले हायड्रेंजिया फुलांचे शनिवार-रविवार टाळलेले बरे.

पहिला दिवस: किता-कामाकुरा ते बांबूचं बन

टोकियोत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बरीच जण निशी-कासाई भागात असतात, आणि भारतातून आलेले पाहुणेही त्यांच्याकडेच उतरतात. तिथून तोझाई लाइनने ओतेमाचीला उतरावं. निहोम्बाशीहूनही टोकियो स्टेशन गाठता येतं, पण योकोसुका लाइनचे प्लॅटफॉर्म मारुनोउची बाजूला, जमिनीखाली पाचव्या तळावर आहेत, आणि ओतेमाचीहून भुयारी वाटेने तिकडे जाणं सोपं पडतं. सरकते जिने उतरत उतरत जायला वेळ लागतो, तेव्हा गाडी बदलायला किमान पंधरा मिनिटं धरा. तोझाई लाइन सकाळी साडेसात ते नऊ या वेळात टोकियोतल्या सर्वांत भरगच्च गाड्यांपैकी एक असते. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर सातच्या आत घर सोडा.

योकोसुका लाइनची झुशी, योकोसुका किंवा कुरिहामाला जाणारी कुठलीही गाडी चालते. ओफुनाला संपणाऱ्या गाडीत बसलात तर तिथे उतरून मागची गाडी घ्यायची, एवढंच. शिंजुकु किंवा शिबुयाहून येणाऱ्यांनी मात्र नीट बघावं. शोनान-शिंजुकु लाइनच्या एकाच प्लॅटफॉर्मवरून दोन दिशांच्या गाड्या सुटतात. झुशीची गाडी थेट कामाकुराला जाते. ओदावारा किंवा हिरात्सुकाची गाडी ओफुनापर्यंत त्याच दिशेने जाते आणि पुढे वेगळी होते. अशा गाडीत डुलकी लागली की डोळे उघडतात ते समुद्रकिनाऱ्यावरच्या भलत्याच गावात. टोकियो ते कामाकुरा तासाभराचा प्रवास, भाडं सुमारे हजार येन. सुइका हे आधी पैसे भरायचं कार्ड जेआर (म्हणजे योकोसुका आणि शोनान-शिंजुकु लाइन), एनोदेन आणि बस, तिन्हीकडे चालतं. देवळांच्या तिकिटासाठी रोख लागते, म्हणून शंभर येनची दहा-पंधरा नाणी खिशात ठेवा.

उतरायचं कामाकुराला नाही, त्याच्या आधीच्या किता-कामाकुराला. सकाळी साडेआठच्या सुमाराला इथे पोचलात की एन्गाकु-जी देऊळ मिनिटाभराच्या अंतरावर आहे. मंगोलांनी १२७४ आणि १२८१ मध्ये जपानवर दोन स्वाऱ्या केल्या. त्यांत मेलेल्या दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी तेव्हाचा सत्ताधीश होजो तोकिमुने याने १२८२ मध्ये हे देऊळ उभारलं. रेल्वेचा मार्ग देवळाच्या जुन्या आवारातूनच काढलेला आहे, त्यामुळे पुढचं तळं रुळांच्या अलीकडे आणि पायऱ्या पलीकडे. तिकीट ५०० येन. आत शिरल्यावर सगळे सरळ भव्य दरवाजाकडे जातात. तुम्ही आधी उजव्या हाताची उभी दगडी पायवाट धरा. वर १३०१ साली ओतलेली घंटा आहे, अडीच मीटरहून उंच, आणि सकाळी तिच्याजवळ बहुधा कोणी नसतं. पायऱ्या खड्या आहेत आणि दव पडल्यावर निसरड्या होतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी ही चढाई सोडून मागच्या बाजूला शांतपणे हिंडावं, तिथे चढ हळूहळू वाढतो.

रस्त्याच्या पलीकडे थोडं पुढे तोकेई-जी हे छोटं देऊळ लागतं. १२८५ मध्ये स्थापन झालेल्या या मठात आसरा घेतलेल्या बाईला ठरावीक वर्षं काढल्यावर नवऱ्यापासून सुटका मिळत असे. जूनमध्ये आलात तर मेइगेत्सु-इन हे देऊळही याच भागात आहे. निळ्या हायड्रेंजियासाठी तिथे उघडण्याआधीपासून रांग लागते. इतर महिन्यांत ते सोडून दिलं तरी चालेल.

इथून केन्चो-जी पंधरा मिनिटांच्या चालीवर. पदपथ जेमतेम एका माणसाचा आणि शेजारून बस जाते, म्हणून एकामागे एक चाला आणि छत्री उघडताना मागे बघा. केन्चो-जी १२५३ चं, तोकिमुनेचा बाप होजो तोकियोरी याने उभारलेलं, आणि कामाकुराच्या पाच प्रमुख झेन मठांत पहिल्या क्रमांकाचं. तिकीट ५०० येन. याला किमान दीड तास द्या. दरवाजातून आत गेल्यावर समोर जुनिपरचे जुने वृक्ष आहेत. संस्थापक भिक्षू रानकेई दोर्यू यांनी चीनहून आणलेल्या बियांपासून ते वाढले असं मठ सांगतो. खोडं पिळलेल्या दोरासारखी वळलेली आहेत आणि काही फांद्यांना खालून टेकू दिलेत. पुढच्या हात्तो सभागृहात छतावर ढगांतला ड्रॅगन रंगवलेला आहे, तो २००३ चा. त्याखाली बसलेल्या मूर्तीकडे आपल्या लोकांनी मुद्दाम बघावं. उपासाने बरगड्या वर आलेला, डोळे खोल गेलेला हा बुद्ध गांधार शैलीचा आहे. मूळ मूर्ती लाहोरच्या संग्रहालयात आहे. ही तिची प्रतिकृती पाकिस्तानने २००५ च्या आइची प्रदर्शनानंतर भेट दिली. जपानी देवळात अशी मूर्ती सहसा दिसत नाही.

ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी आवाराच्या अगदी मागे जाऊन हान्सोबोपर्यंत चढावं. पंधरा-वीस मिनिटं लागतात, शेवटी पायऱ्यांची मोठी रांग आहे आणि दोन्ही बाजूंना चोचीच्या, पंखांच्या तेंगूंचे, म्हणजे डोंगरातल्या भुतांचे, पुतळे उभे आहेत. थंडीच्या कोरड्या सकाळी वरून फुजी दिसतो. उन्हाळ्यात धुरकट असतं, तेव्हा फुजीच्या आशेने चढू नका.

जेवणाचं इथेच बोलू. केन्चिन-जिरू हे मुळं-कंद आणि टोफूचं सूप मूळचं या मठाचं मानतात, आणि मठाच्या पद्धतीत ते कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि शिताके अळंबी यांच्या रसात होतं. म्हणजे शाकाहारी. पण बाहेरच्या हॉटेलांत तोच पदार्थ बहुधा कात्सुओ माशाच्या रसात करतात, आणि भांड्यात मासा दिसत नाही म्हणून कळतही नाही. सोबा आणि उदोन या शेवया, शिजवलेल्या भाज्या, इनारी म्हणजे तळलेल्या टोफूची गोड पिशवी, सगळ्यांत हा रस असू शकतो. ऑर्डर देण्याआधी ‘कात्सुओ-दाशी हाइत्ते इमास का’ असं विचारा. कडक शाकाहारी असाल तर घरून दशम्या किंवा पराठे आणावेत हे उत्तम. मासे खाणाऱ्यांसाठी इथली खासियत शिरासू, म्हणजे बोटाच्या पेराएवढे पांढरे मासे. ते भातावर उकडलेले किंवा कच्चे मिळतात. १ जानेवारी ते १० मार्च मासेमारीला बंदी असते, त्या काळात ताजे कच्चे शिरासू शोधू नका.

केन्चो-जीनंतर रस्ता खिंडीतून उतरतो आणि पंधरा मिनिटांत त्सुरुगाओका हाचिमान-गूच्या बाजूला आणून सोडतो. या देवस्थानाला तिकीट नाही. ६१ पायऱ्या चढून वरचं मुख्य देऊळ, सध्याची इमारत १८२८ ची. पायऱ्यांच्या डाव्या बाजूला प्रचंड गिंको वृक्ष होता. तो १० मार्च २०१० च्या पहाटे वाऱ्याने उन्मळून पडला. बुंध्याचा भाग शेजारी रोवला आहे आणि जुन्या मुळांतून फुटलेलं नवं झाड आता चांगलं वाढलंय. पायऱ्या चढून मागे वळलात की अख्ख्या गावाची आखणी कळते. पायाशी सरळ रेषेत वाकामिया ओजी रस्ता थेट समुद्राकडे जातो. त्याच्या मधोमध उंचावलेली पायवाट म्हणजे दानकाझुरा, योरितोमोने ११८२ मध्ये बायको मासाको हिचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून बांधवून घेतलेली. ती देवळाच्या बाजूला अरुंद होत जाते. समुद्राकडून येताना त्यामुळे देऊळ आहे त्यापेक्षा लांब भासतं. उलट दिशेने चालताना पावलागणिक रुंदी वाढताना दिसते. आपण उत्तरेकडून येत असल्यामुळे हा फरक जास्त चटकन लक्षात येतो.

समांतर असलेल्या कोमाची-दोरीवर खाण्याची दुकानं खच्चून आहेत. गर्दीत चालता चालता खाऊ नये असं नगरपालिकेच्या २०१९ च्या नियमांत आहे. दंड नाही, पण पाळावं. घेतलेलं दुकानासमोरच उभं राहून संपवायचं आणि काडी-कागद त्याच दुकानाच्या डब्यात टाकायचा. पुढे कचराकुंडी मिळणार नाही, तेव्हा एक रिकामी पिशवी बरोबर असू द्या.

दुपारी दोनच्या आत होकोकु-जीकडे निघा. कामाकुरा स्टेशनाच्या पूर्व दरवाजासमोर ५ नंबरच्या थांब्यावरून बस मिळते, जोम्योजी थांब्यावर उतरायचं, दहा-बारा मिनिटं. हाचिमान-गूपासून पायी गेलं तर पंचवीस मिनिटं. जाताना चाला आणि येताना बस, हा बेत करू नका. चारच्या सुमाराला परतीची बस गर्दीने तुंबते. जाताना बस, येताना पायी, हे बरं. होकोकु-जी १३३४ चं आहे, तिकीट ४०० येन, चारला बंद. देवळामागे सुमारे दोन हजार मोसो बांबूंचं बन आहे आणि त्यात चहाची जागा. माचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा, हवा असेल तर प्रवेशाच्या तिकिटाबरोबरच त्याचं तिकीट घ्या. चहा साडेतीनच्या पुढे देत नाहीत. बन छोटं आहे, दहा मिनिटांत फिरून होतं. त्याचा आनंद बसण्यात आहे, म्हणून चहासाठी वेळ राखून यावं.

दुसरा दिवस: एनोदेन, बुद्ध आणि समुद्र

आज शिंजुकुहून ओदाक्यू रेल्वेने निघावं. तिचा एनोशिमा-कामाकुरा फ्रीपास साधारण १,६५० येनला मिळतो. त्यात फुजिसावापर्यंतचं जाणं-येणं आणि एनोदेनवर दिवसभर कितीही वेळा चढ-उतार हे सगळं येतं. शिंजुकु ते फुजिसावा सुमारे तास. आणखी एक फायदा असा की तुम्ही गर्दीच्या उलट बाजूने गावात शिरता.

एनोदेन म्हणजे फुजिसावा ते कामाकुरा दहा किलोमीटर, १५ स्टेशनं, ३४ मिनिटं. मार्ग एकेरी आहे. समोरून येणारी गाडी ठरावीक ठिकाणीच ओलांडता येते, त्यामुळे गर्दी कितीही असो, जादा गाड्या सोडता येत नाहीत. मार्च २०२३ पासून दर १४ मिनिटांना एक गाडी असते. दोन डब्यांची जोडी, दोन जोड्या मिळून चार डबे. शनिवार-रविवारी दुपारी कामाकुरा स्टेशनावर रांग बाहेर रस्त्यापर्यंत जाते आणि पहिल्या गाडीत जागा मिळत नाही. फुजिसावाहून सकाळी निघालात तर उजव्या बाजूला बसा, समुद्र तिकडे आहे. एनोशिमा आणि कोशिगोए यांच्यामध्ये गाडी चक्क रस्त्यावरून, मोटारींच्या मधून जाते. कोशिगोएचा प्लॅटफॉर्म आखूड आहे आणि चारपैकी एका डब्याची दारं तिथे उघडत नाहीत. तिथे उतरायचं असेल तर आधीच सरका.

आज आधी हासेला जा. मोठा बुद्ध स्टेशनापासून दहा मिनिटांवर कोतोकु-इन देवळाच्या आवारात आहे, आणि ते आठला उघडतं. तिकीट ३०० येन. मूर्ती अमिताभाची, काशाची, ओतायला सुरुवात १२५२ मध्ये. उंची ११.३ मीटर, चौथऱ्यासकट १३.३५, वजन १२१ टन. आधी यावर लाकडी मंडप होता. तो १३३४ आणि १३६९ च्या वादळांत पडला, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून बुद्ध उघड्यावरच आहे. लांबून बघितलं की डोकं थोडं मोठं आणि पाठ वाकलेली वाटते. चार-पाच मीटरवर येऊन वर बघा, चेहरा बरोबर प्रमाणात येतो, कारण भक्ताची जागा तीच धरून तो घडवला आहे. उजव्या गालावर सोन्याच्या मुलाम्याचा पुसट डाग अजून दिसतो.

पोटात शिरायला वेगळे ५० येन पडतात आणि ते द्यावेतच. आत उभं राहिल्यावर भिंतीवर आडव्या-उभ्या शिवणी दिसतात. मूर्ती एका वेळी न ओतता खालून वर थरांनी ओतली, आणि प्रत्येक नवा थर खालच्याला अडकावा म्हणून जोडावर धातूची पकड ठेवली. काही जोडांत ती पकड हाताच्या अंतरावर बघता येते. मान वरच्या बाजूला वेगळ्याच पोताची आहे. १९६० -६१ च्या दुरुस्तीत तिला प्लास्टिकच्या धाग्यांचा थर देऊन बळकट केलं, आणि भूकंपात मूर्ती चौथऱ्यावर थोडी घसरू शकेल अशी व्यवस्था केली. जागा अरुंद, एका वेळी मोजकीच माणसं, आणि ऑगस्टमध्ये आत भट्टी पेटलेली असते. म्हणून हे सकाळीच उरका.

परत खाली येताना हासे-देरा. ४०० येन. ९.१८ मीटर उंचीची अकरा मुखांची लाकडी कानोन, म्हणजे करुणेची देवता, ही इथली मुख्य मूर्ती. तिचा फोटो काढता येत नाही. खाली बेन्तेन-कुत्सु नावाची बुटकी गुहा आहे, उंच माणसाला कमरेत वाकावं लागतं. ही बेन्तेन म्हणजे बेन्झाइतेन, आपली सरस्वती. चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर ती इथे आली, वीणेच्या जागी तिच्या हातात बिवा हे जपानी तंतुवाद्य आलं आणि पुढे ती धनाचीही देवी झाली.

तिचंच दुसरं रूप बघायचं तर कोतोकु-इनच्या पुढच्या बोगद्याजवळून डोंगरवाट धरा. सुरुवातीच्या पायऱ्या खड्या, पुढे मुळांनी भरलेली माती. चाळीस मिनिटांत झेनिआराई बेन्तेनला पोचता. पाऊस पडून गेलेला असेल तर ही वाट चिखलाची आणि निसरडी होते. तेव्हा एनोदेनने कामाकुराला जाऊन पश्चिम दरवाजातून पंचवीस मिनिटं चालावं, शेवटचा चढ दमवतो. देवळात बोगद्यातून शिरतात. कार्यालयात मेणबत्ती आणि उदबत्ती घेतली की बांबूची टोपली मिळते. आधी दोन्ही पेटवून नमस्कार, मग गुहेत जाऊन नाणी टोपलीत ठेवून पळीने पाणी घालायचं. नोट असेल तर नुसतं टोक भिजवलं तरी पुरे. धुतलेले पैसे जपून ठेवायचे नसतात, ते खर्च करायचे. तरच वाढून परत येतात अशी इथली श्रद्धा.

दुपारनंतर पश्चिमेकडे सरका. इनामुरागासाकीला उतरून टोकापर्यंत पाच मिनिटं चाला. १३३३ मध्ये कामाकुरावर चालून आलेल्या नित्ता योशिसादा या सेनापतीला डोंगरातल्या खिंडी फोडता येईनात. तेव्हा ओहोटी बघून तो याच टोकाला वळसा घालून वाळूवरून गावात शिरला आणि कामाकुराची सत्ता संपली. थंडीत इथून फुजी आणि एनोशिमा एका चौकटीत येतात. किनाऱ्यावर काही खाऊ नका. घारी पाठीमागून, पंखांचा आवाज न करता येतात आणि हातातला घास बोटं ओरबाडून नेतात. भिंतीला पाठ लावून किंवा छपराखाली बसा. किनाऱ्याजवळच्या खांबांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली दिसेल. मोठा धक्का जाणवला तर फोन न बघता, सूचनेची वाट न बघता उंचावर निघा. इथला समुद्र त्सुनामीचा आहे.

एनोशिमा बेट एनोशिमा स्टेशनापासून वीस मिनिटांवर, पुलाने जोडलेलं. पूर्ण फेरीला अडीच तास लागतात, म्हणून तीनच्या आत पोचलात तरच पलीकडच्या इवाया गुहांपर्यंत जा. समुद्र खवळला की त्या बंद असतात. वर जायला सरकते जिने आहेत, पण ते फक्त चढतात, उतरताना पायऱ्याच. वेळ कमी असेल तर हेत्सुनोमिया या पहिल्या देवळाजवळच्या अष्टकोनी दालनातली आठ हातांची बेन्झाइतेन आणि शेजारची बिवा वाजवणारी, एवढं बघून मागे फिरा.

परत जाताना बेटाजवळच्या कातासे-एनोशिमा स्टेशनावरून ओदाक्यू घ्यावी. साध्या गाडीने फुजिसावाला बदल करावा लागतो. थेट शिंजुकुला जाणाऱ्या रोमान्सकार या जलद गाडीला पास असला तरी वेगळं आरक्षण लागतं, आणि सुट्टीच्या संध्याकाळी ते संपतं, म्हणून सकाळी शिंजुकुहून निघतानाच करून ठेवा.